वाचलेल्याची साक्ष

'वाचणे' ह्या क्रियापदाला मराठीत दोन अर्थ आहेत : मरणाच्या दारातून परत येणे आणि लिहिलेले उलगडून घेणे. जुन्या लेखनात हे शब्द डोळ्यांना वेगळे दिसत. जीव वाचण्यातल्या पहिल्या अक्षरावर अनुस्वार असे, पोथी वाचण्यातल्या अक्षरावर नसे. १९६२च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली आणि दोन्ही शब्द एकरूप झाले. ह्या योगायोगावर सिद्धान्त उभारण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. शब्दश्लेषावर तत्त्वज्ञान रचण्याची खोड आपल्या समीक्षेला पुरेशी जडलेली आहे. परंतु एक मानवी अवस्था अशी आहे, की जिच्यात हे दोन अर्थ प्रत्यक्षातच एकमेकांना येऊन भिडतात. सेप्सिससारख्या जिवावरच्या दुखण्यातून उठलेल्या माणसाची ही अवस्था. आपल्या आयुष्यातले सर्वांत निर्णायक दिवस कोणते हे त्याला ठाऊक असते. पण त्या दिवसांत काय घडले हे अनेकदा आठवत नाही, किंवा जे आठवते ते घडलेलेच नसते. ते दिवस इतरांजवळ असतात आणि त्याला ते इतरांच्या शब्दांतून वाचावे लागतात. अशा माणसाने कशाला सत्य मानावे, त्याच्या अनुभवात दुरुस्ती करण्याचा अधिकार इतरांना कितपत आहे, आणि तो 'बरा झाला' हे विधान करण्याचा हक्क कोणाचा, हे प्रश्न वरवर वैद्यकाचे वाटतात. मुळात ते साक्ष, कथन आणि अर्थनिर्णयन ह्यांचे आहेत.

बोलीत आपण जखम 'सेप्टिक झाली' असे म्हणतो तेव्हा पू आणि कुजणे अभिप्रेत असते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही कुजणे असाच आहे. रक्तात विष भिनले, ही आपली परंपरागत कल्पना त्याच जातीची. वैद्यकाची आजची कल्पना मात्र वेगळी आहे. २०१६ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने मांडलेल्या व्याख्येनुसार, जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन त्याच शरीराच्या अवयवांचे कार्य बिघडणे आणि जीव धोक्यात येणे म्हणजे सेप्सिस. संसर्ग फुप्फुसातला असो, मूत्रमार्गातला असो, पोटातला किंवा पायाच्या जखमेतला असो, ते निमित्त. पुढे रक्तदाब कोसळतो, रक्तवाहिन्या झिरपू लागतात, मूत्रपिंडे थकतात, मेंदू भ्रमिष्ट होतो. आणि हे पुष्कळसे शरीराच्या स्वतःच्या संरक्षणव्यवस्थेकडून घडते. आजाराभोवती आपण रचलेली रणभाषा येथे एका वेगळ्याच प्रकारे निकामी ठरते. सूझन सोन्टागने १९७८ साली क्षय आणि कर्करोग ह्यांच्या संदर्भात रोगाच्या रूपकांची झडती घेतली, तेव्हा तिचा मुख्य आक्षेप असा होता, की ही रूपके रोग्यावर अन्याय करतात. सेप्सिसच्या बाबतीत लढाईचे रूपक अन्यायकारक तर आहेच, शिवाय वस्तुस्थितीला धरूनही नाही. 'झुंज दिलीस आणि जिंकलास' ह्या अभिनंदनाला वाचलेल्या माणसाने काय उत्तर द्यावे? ज्या झुंजीचे कौतुक होते आहे, तिनेच त्याला मारायला घेतले होते.

जगात २०१७ ह्या एका वर्षात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण झाले आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा अंदाज २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. आपण मृत्यूंच्या आकड्यापाशी थबकतो, हे साहजिक आहे. उरलेल्या कोट्यवधींची गणना 'वाचले' ह्या एका शब्दात होते आणि तेथे प्रकरण मिटते. त्यांच्यातल्या अनेकांच्या स्नायूंतली ताकद गेलेली असते. एक जिना चढताना धाप लागते, केस मूठमूठ गळतात, झोप तुटते, ओळखीचे नाव ओठांवर येत नाही, साधा ताप आला तरी पुन्हा तेच सुरू झाले की काय ह्या धास्तीने रात्र जाते. काहींची बोटे किंवा पाय गेलेले असतात. अमेरिकेतील वयस्कांच्या दीर्घकालीन पाहणीवर आधारलेल्या २०१०च्या एका अभ्यासात असे दिसले, की गंभीर सेप्सिसमधून वाचलेल्यांत मध्यम ते तीव्र बौद्धिक क्षीणता असलेल्यांचे प्रमाण आजारापूर्वी ६.१ टक्के होते, ते नंतर १६.७ टक्के झाले; आणि ही घसरण निदान आठ वर्षे टिकून राहिली. ह्या क्षीणतेचे एक नित्याचे रूप म्हणजे ओळीच्या शेवटापर्यंत पोचताना तिचा आरंभ निसटणे. माणूस वाचला, पण त्याला वाचता येत नाही.

देवीच्या रोगातून उठलेल्याच्या चेहऱ्यावर वण राहत. ते क्रूर होते, ठरलेली लग्ने मोडणारे होते. परंतु ते सर्वांना दिसत. ह्या माणसावरून काय गेले आहे, हे सांगण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या जिभेवर नव्हती. भारतातील देवीचा अखेरचा रुग्ण १९७५ साली नोंदला गेला आणि आजाराची ती उघडी लिपीही आपल्या समाजातून गेली. सेप्सिसचा वण बहुधा आत असतो. बाहेरून माणूस 'सुधारलेला' दिसतो, त्याच्या अंगावर थोडे मांस चढलेले असते, आणि भेटायला येणारे समाधानाने परत जातात.

'बरा' ह्या शब्दाकडे येथे जरा थांबून पाहिले पाहिजे. 'बरा झाला' म्हणजे रोगमुक्त झाला. 'बरा आहे' म्हणजे फार चांगला नाही आणि वाईटही नाही. 'त्यापेक्षा हे बरे' असे म्हणताना तर आपण दोन अनिष्टांतले एक पत्करलेले असते. म्हणजे हा शब्द मुळातच तुलनेचा आणि तडजोडीचा आहे. तरीही रोग्याच्या संदर्भात तो आपण निरपेक्ष अर्थाने, पूर्णविरामासारखा वापरतो. फ्रेंच तत्त्वज्ञ जॉर्ज कांगिलेम ह्याने १९४३ साली लिहिलेल्या आणि १९६६मध्ये विस्तारलेल्या प्रबंधात प्रकृत आणि विकृत ह्या कोटींची जी मीमांसा केली, तिच्यातला एक विचार येथे उपयोगी पडतो. जीवनात उलटे जाणे नसते. बरे होणे म्हणजे पूर्वस्थितीला परतणे नव्हे, तर जगण्याचे नवे प्रमाण स्वतःसाठी घालून घेणे. आणि हे नवे प्रमाण जुन्याहून संकुचित असू शकते. कांगिलेमने निरोगी असण्याची खूण सांगितली तीही मार्मिक आहे. निरोगी माणसाला चुकण्याची, अतिरेक करण्याची, कधीमधी आजारी पडण्याचीही मुभा असते. वाचलेल्या माणसाची हीच मुभा काढून घेतलेली असते. जागरण केले, पावसात भिजला, पायाला ओरखडा आला, तरी चालते असे त्याला आता म्हणता येत नाही.

आर्थर फ्रँक ह्या समाजशास्त्रज्ञाने १९९५च्या आपल्या ग्रंथात आजाराच्या कथनांचे तीन साचे वेगळे केले : पूर्ववत होण्याची कथा, गोंधळाची कथा आणि शोधाची कथा. ऐकणाऱ्याला पहिली हवी असते : काल मी धडधाकट होतो, आज आजारी आहे, उद्या पुन्हा धडधाकट होईन. फ्रँकचा स्वतःचा कल तिसऱ्या साच्याकडे झुकतो, आणि तेथे त्याच्याशी सहमत होणे कठीण जाते. दुखण्याने माणूस शहाणा, उदार, अंतर्मुख झालाच पाहिजे, ही अपेक्षा तो पूर्ववत झालाच पाहिजे ह्या अपेक्षेहून कमी जाचक नाही. अंथरुणाला खिळलेल्याला आपण ठणठणीत होण्याचा गृहपाठ देत होतो, आता आत्मज्ञानाचा देतो, इतकाच फरक.

आपल्याकडे ह्या सक्तीला आणखी एक पदर आहे. अतिदक्षता विभागातल्या आठ-पंधरा दिवसांत घरातले सोने गहाण पडलेले असते, नातेवाइकांकडून उसने घेतलेले असते, कोणाच्या तरी शिक्षणासाठी ठेवलेली ठेव मोडलेली असते. घरी आलेल्या माणसाला हे सर्व हळूहळू कळते. त्यानंतर 'मी अजून बरा नाही' हे वाक्य उच्चारणे त्याला कृतघ्नपणाचे वाटू लागते. त्याचा जीव आता त्याच्या एकट्याच्या मालकीचा राहिलेला नसतो. त्यावर इतरांचा बोजा चढलेला असतो. घरचे त्याला सांगतात, 'तुझं काही खरं नव्हतं.' फारसा विचार न करता योजलेल्या ह्या वाक्प्रचारात, माणूस मरणार होता, एवढाच अर्थ असतो. परंतु ज्याला त्या दिवसांचे काहीच आठवत नाही किंवा भलतेच आठवते, त्याच्या कानांवर हे शब्द पडतात तेव्हा ते अक्षरशः लागू होतात. त्याच्याजवळ त्या दिवसांचे जे आहे, त्यातले खरोखरच काही खरे नसते.

त्याच्याजवळ काय असते? कृत्रिम श्वसनावर ठेवलेल्या, गुंगीच्या औषधांखाली असलेल्या रुग्णांच्या आठवणींवर पुष्कळ काम झाले आहे, आणि त्या आठवणींत एक विलक्षण सारखेपणा आढळतो. आपल्याला डांबून ठेवले आहे, ही खोली म्हणजे जहाज किंवा आगगाडी आहे, परिचारिका आपल्याला ठार मारण्याच्या कटात सामील आहेत. हाताला बांधलेली पट्टी बेड्या होते, घशातली नळी गळा आवळणारा हात होते. प्रत्यक्ष घटना पुसल्या जातात आणि ही चित्रे मात्र वर्षानुवर्षे धूसर होत नाहीत. १९८०च्या दशकापासून डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन ह्या देशांतील अतिदक्षता विभागांत ह्यावर एक साधा उपाय रूढ होत गेला. रुग्णाच्या उशाशी एक वही ठेवायची. परिचारिकेने आणि घरच्यांनी तिच्यात त्या त्या दिवशी काय झाले ते साध्या भाषेत, बहुधा रुग्णालाच उद्देशून लिहायचे, काही ठिकाणी छायाचित्रेही लावायची. रुग्ण सावरला, की वही त्याच्या हाती द्यायची.

वाङ्मयप्रकार म्हणून ह्या वहीचा विचार फारसा झालेला नाही. तो व्हायला हवा. फिलीप लजनने १९७५ साली आत्मचरित्राची जी प्रसिद्ध अट सांगितली, तीनुसार लेखक, निवेदक आणि चरित्रनायक एकच असले पाहिजेत. ह्या वहीत नायक आणि वाचक एक आहेत, आणि लेखक मात्र दुसरेच, तेही अनेक. निवेदन द्वितीय पुरुषात आहे. मिशेल ब्युतोरच्या १९५७च्या कादंबरीपासून द्वितीय पुरुषी निवेदन ही प्रयोगशीलतेची खूण समजली जाते. येथे ते निव्वळ गरजेपोटी आले आहे. आणि ह्या संहितेला अभिप्रेत असलेला वाचक कदाचित कधी अस्तित्वातच येणार नाही, ह्या टांगत्या शक्यतेखाली तिची प्रत्येक ओळ लिहिलेली असते.

आपल्या आयुष्याचा एक भाग दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून स्वीकारणे ही तशी अपूर्व गोष्ट नव्हे. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनाच्या पहिल्याच भागात शैशवाबद्दल हेच कबूल केले आहे. ते दिवस त्याला आठवत नाहीत. इतरांनी सांगितले आणि इतर अर्भकांकडे पाहून कळले, म्हणून तो ते मानतो. न्यायदर्शनाने तर शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानले, आणि ज्याच्या शब्दाला प्रामाण्य आहे त्याला 'आप्त' म्हटले. मराठीत आप्त म्हणजे नातलग. वहीतल्या नोंदी करणारी पत्नी, मुलगा, बहीण ह्या दोन्ही अर्थांनी आप्त ठरतात. परिचारिका केवळ पहिल्या, शास्त्रीय अर्थाने. परंतु शैशवाचा दृष्टान्त एका मर्यादेपलीकडे चालत नाही. अर्भकपणाची जागा आपल्या स्मरणात रिकामी असते आणि इतरांच्या शब्दांनी ती निर्वेधपणे भरता येते. वाचलेल्याच्या स्मरणात ती जागा रिकामी नसते. तेथे दुसरी कथा वस्तीला आलेली असते.

आता ज्या परिचारिकेने रात्रभर जागून त्याचा रक्तदाब सावरला, तीच त्याच्या स्मृतीत मारेकरीण आहे. ह्या ठिकाणी 'प्रत्येकाचे सत्य वेगळे' ही भूमिका घेऊन मोकळे होता येत नाही. संहितेबाहेर काही नसते आणि सर्व कथने समान दर्जाची असतात, असे परिसंवादात म्हणणे सोपे असते. येथे कथनाच्या दुसऱ्या टोकाला एक हाडामांसाची, पगारी, थकलेली बाई आहे. तिने त्याला मारण्याचा प्रयत्न केला नव्हता, ही गोष्ट अर्थनिर्णयनावर अवलंबून नाही. तिच्यावरचा आरोप खोटा आहे, हे मान्य होणे हा तिचा न्याय्य हक्क आहे. मग तो आरोप कोणी उच्चारलेला नसो, मनातच असो. वहीचे पहिले नैतिक मोल माझ्या मते हे, की ती ह्या तिसऱ्या व्यक्तीला न्याय देते. रुग्णाच्या मनःशांतीचा प्रश्न त्यानंतरचा.

मात्र घटनेचे सत्य मान्य केल्याने भीतीचा निकाल लागतो का? रज्जुसर्पाचा दृष्टान्त आपल्याला इतका परिचित आहे, की त्याचा उत्तरार्ध आपण सहसा विसरतो. दिवा आणला, दोरी दिसली, सर्प नाहीसा झाला. तरीही अंगाचा थरकाप लगेच थांबत नाही. ज्ञान झाल्यावरही ज्ञानी माणसाचे शरीर काही काळ का टिकते, ह्या जीवन्मुक्तीच्या चर्चेत वेदान्त्यांनी हा कंप उदाहरणादाखल घेतला आहे. भ्रम गेला तरी त्याचा संस्कार उरतो, असे त्यांनी म्हटले. त्यांना ह्यातून साधायचे होते ते वेगळे. पण वाचलेल्या माणसाचे वर्णन म्हणून ह्याहून नेमके काही सापडणे कठीण आहे. ती दोरीच होती, हे तो जाणतो. घरातल्यांनी हजारदा सांगितले आहे, वहीत लिहिले आहे, छायाचित्र आहे. आणि तरी यंत्राची शिट्टी कुठे वाजली, की हात गार पडतात. ह्या कंपाला 'अजून तुला पटलेले दिसत नाही' असे म्हणणे हा कोटिदोष आहे. पटण्याचा भाग कधीच संपलेला असतो.

ह्या दृष्टीने पाहिले म्हणजे वहीविषयीच्या चाचण्यांतली विसंगती तितकीशी कोड्यात टाकत नाही. ह्या चाचण्या केवळ सेप्सिसच्या रुग्णांच्या नव्हत्या, अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या होत्या. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहा युरोपीय देशांतल्या १२ रुग्णालयांतील ३५२ रुग्णांच्या चाचणीत, वही मिळालेल्यांपैकी ५ टक्क्यांना आघातोत्तर मनोविकार नव्याने जडला, न मिळालेल्यांपैकी १३ टक्क्यांना. २०१९ साली फ्रान्समधील ३५ विभागांतल्या मोठ्या चाचणीत मात्र असा लक्षणीय फरक आढळला नाही. वैद्यक संशोधक ह्याची कारणे पद्धतीत शोधतील, आणि ते योग्यच आहे. परंतु ह्या वहीकडून नेमके काय मागितले जात होते, हाही प्रश्न आहे. ती गाळलेले दिवस परत देते, आरोपीला निर्दोष ठरवते, कालक्रम लावते. संस्कार पुसणे हे तिचे काम असेलच असे नाही. वाचकाने तिच्यापाशी दोन वाक्ये घेऊन यावे आणि दोन्ही घेऊन परत जावे, ही मुभा मिळाली तर ते थोडे नव्हे : तिने मला मारले नाही, आणि माझ्या भयात हात तिचाच आहे. पहिले वाक्य दुसऱ्याला खोडत नाही. घरच्यांची चूक होते ती येथे. पहिले वाक्य गळी उतरले, की दुसरे आपोआप नाहीसे व्हावे, अशी त्यांची प्रामाणिक, प्रेमळ आणि अत्यंत थकवणारी अपेक्षा असते.

हिलरी मँटेलने २०१० साली शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे रुग्णालयात काढलेल्या दीर्घ मुक्कामावर जे लिहिले, ते ह्या संदर्भात आवर्जून वाचावे. तिने आपले भास दुरुस्त केले नाहीत आणि त्यांचे गूढगुंजनही केले नाही. ते भास होते हे स्वच्छपणे सांगून तिने त्यांना त्यांच्या रंगरूपासह कागदावर जागा दिली. व्हर्जिनिया वुल्फने १९२६ साली, आजाराच्या वर्णनाला इंग्रजी भाषा तोकडी पडते, अशी तक्रार केली होती. मँटेलने ती धुडकावून लावली. मराठीपुरते बोलायचे तर मँटेलची बाजू बळकट दिसते. ठणकणे, सलणे, चमक, कळ, हुडहुडी, कसर, ग्लानी, कणकण, गळून जाणे : शब्दांची ददात नाही. उणीव असेल तर हे शब्द शेवटपर्यंत ऐकून घेणाऱ्याची.

आपल्या रुग्णालयांत अशी वही क्वचितच भेटेल. नातेवाईक काचेच्या दाराबाहेर बसलेले असतात आणि ठरलेल्या वेळी एकेकाला आत सोडतात. वाचलेल्याच्या हाती जी संहिता येते ती म्हणजे घरी सोडतानाची फाईल. ती इंग्रजीत असते, कर्मणी प्रयोगात असते, आणि तिच्यात तो कुठेही द्वितीय पुरुषी नसतो. उरते ते मौखिक कथन, घरच्या आप्तांचे. आणि त्यात परिचारिकेचा आवाज नसतो. मराठीत वही लिहायची झाली, तर पहिला प्रश्न सर्वनामाचा येईल. परिचारिका 'काका' म्हणून 'तुम्ही' लिहील. वडिलांना जन्मभर 'अहो बाबा' म्हणणारा मुलगा 'तुम्ही'च लिहील, पण त्यांच्या निश्चेष्ट हाताकडे पाहताना त्याच्या मनात कदाचित 'तू' येत असेल. ते त्याने लिहावे की नाही? आणि शुद्धीवर आलेल्या वडिलांनी ते वाचावे की नाही?

जेथे ह्या वह्या लिहिल्या जातात तेथे काही रुग्ण त्या घरी नेऊन वर्षानुवर्षे उघडतच नाहीत. जे उघडतात, ते प्रथम नोंदी वाचतात आणि पुढे कधीतरी तारखा. मध्येच एखादी तारीख नसते. शेजारच्या खाटेवरचा रुग्ण त्या रात्री अधिक अडचणीत असला, तर परिचारिकेला लिहायला सवड मिळालेली नसते. त्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे वहीत लिहिलेले नसते.